कॉन्फरन्स बदलते तेव्हा मंगळवारी विमानात कोण बसतं?

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडते. लेक अकरावीत आहे, व्हॉलीबॉल खेळते, सेटर आहे, म्हणजे फटका मारणाऱ्यांना चेंडू उचलून देणारी. दोन विद्यापीठांचे कोच तिच्याशी बोलताहेत. त्यातलं एक विद्यापीठ लवकरच कॉन्फरन्स, म्हणजे ज्या विद्यापीठांशी नेहमी खेळायचं त्यांचा गट, बदलणार आहे आणि तिथला कोच म्हणतो, ‘आम्ही वर चाललोय, तू अगदी योग्य वेळी येते आहेस.’ कॉन्फरन्सवाले नवा सदस्य नेमका कशावर निवडतात आणि असं ‘वर’ जाणं मुलीच्या फायद्याचं आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मी इथे अमेरिकेत बावीस वर्षं एका मध्यम आकाराच्या कॉन्फरन्सच्या ऑफिसात वेळापत्रकं बसवली. तेवढ्या काळात तीन वेळा नव्या सदस्याच्या निवडीचं टिपण माझ्याकडे आलं. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या दोन प्रश्नांच्या पोटात तिसरा एक प्रश्न आहे आणि खरा तोच आहे: ज्या बैठकीत हा निर्णय झाला, तिथे व्हॉलीबॉलचं नाव कुणी काढलं होतं का? बहुतेक वेळा काढलेलं नसतं. निर्णय अमेरिकन फुटबॉलच्या हिशोबाने होतो आणि प्रवास बाकीचे खेळ करतात. म्हणून ते काम तुम्हाला घरी बसून करावं लागेल. ते अवघड नाही, पण मागची गोष्ट कळली तर नीट करता येईल.

आधी आपल्याकडचं चित्र बाजूला ठेवा. मी शिवाजी विद्यापीठाकडून खो-खो खेळायचे. आपण पश्चिम विभागात, त्यामुळे आंतरविद्यापीठ स्पर्धेला पश्चिम विभागातल्या संघांशीच गाठ. कोण कुठल्या विभागात हे नकाशावरून ठरायचं, आणि विद्यापीठाला त्यात आवडनिवड नव्हती. अमेरिकेत तसं नाही. एनसीएए ही कॉलेजच्या खेळांची वरची संस्था नियम करते, राष्ट्रीय स्पर्धा भरवते, पण कुणी कुणाबरोबर खेळायचं हे ती ठरवत नाही. कॉन्फरन्स ही विद्यापीठांनी आपापसात केलेली मंडळी असते. हाउसिंग सोसायटीसारखं समजा: सभासद मिळून नियम करतात, उत्पन्न वाटून घेतात, नव्याला घ्यायचं की नाही यावर मत देतात, आणि सोडून जाणाऱ्याकडून पैसे भरून घेतात.

मत कोण देतं हे लक्षात ठेवा. कोच देत नाहीत. क्रीडा विभागाचे प्रमुख, म्हणजे अॅथलेटिक डिरेक्टर, बोलतात भरपूर, पण हात वर करतात ते विद्यापीठाचे अध्यक्ष. सप्टेंबर २०२३ मध्ये स्टॅनफर्ड, बर्कलीचं कॅल आणि डॅलसचं एसएमयू यांना एसीसी या पूर्वेकडच्या कॉन्फरन्समध्ये घ्यायचं होतं, तेव्हा १५ पैकी १२ मतं लागणार होती. ती बरोबर १२च मिळाली. त्यातलं एक विद्यापीठ आधी विरोधात होतं आणि शेवटी फिरलं. एका अध्यक्षाचं मन बदललं आणि कॅलिफोर्नियातल्या शेकडो मुलामुलींचं पुढच्या चार वर्षांचं वेळापत्रक बदललं.

आता पैशाचा हिशोब. तो साधा आहे, पण लोक तो उलटा समजतात. लोकांना वाटतं, चांगली टीम दिसली की कॉन्फरन्स ती उचलते. प्रत्यक्षात विचार वाट्याचा असतो. समजा दहा सदस्य आहेत आणि टीव्हीचे हक्क घेणारी कंपनी वर्षाला ५ कोटी डॉलर देते. प्रत्येकी ५० लाख. अकरावं विद्यापीठ आल्यावर करार ५ कोटी ३० लाखांचा झाला, तर ऐकायला वाढ झाली, पण प्रत्येकाच्या हातात ४८ लाखच पडले. म्हणजे नव्याने निदान स्वतःच्या वाट्याचे ५० लाख सोबत आणायला हवेत, नाहीतर जुन्यांच्या ताटातलं जातं. अध्यक्षांच्या बैठकीत पहिला कागद नेहमी याच आकड्याचा असतो.

आणि जो तेवढे आणू शकत नाही, त्याला आत यायचंच असेल तर तो आपला वाटा कमी घेतो. एसएमयूने नऊ वर्षं एसीसीच्या टीव्हीच्या पैशातला वाटा न घेण्याचं कबूल केलं. स्टॅनफर्ड आणि कॅल यांनी सुरुवातीला पूर्ण वाट्याच्या सुमारे ३० टक्केच घेण्याचं मान्य केलं. तुमच्या मुलीला बोलावणाऱ्या विद्यापीठाबद्दल ही पहिली चौकशी करा. पूर्ण वाटा मिळतोय का, किती वर्षांनी मिळणार आहे? उत्पन्न निम्मं आणि प्रवास दुप्पट असेल तर मधली तूट कुठून तरी भरली जाते, आणि ती बहुतेक वेळा फुटबॉलमधून भरली जात नाही.

हे सगळं टीव्हीभोवती का फिरायला लागलं, तेही सांगते. १९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉल टीव्हीवर किती आणि कुणाचं दाखवायचं हे एनसीएएच्या हातात होतं. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी एनसीएएचा तो अधिकार मोडला. त्यानंतर सामने विकायचा हक्क विद्यापीठांकडे आणि त्यांच्यामार्फत कॉन्फरन्सकडे आला. तिथून पुढे कॉन्फरन्स निव्वळ शेजाऱ्यांची राहिली नाही, ती विक्रेत्यांचीही झाली.

तुम्ही न्यू जर्सीत राहता, म्हणून एक उदाहरण तुमच्या दारातलं. एडिसनच्या शेजारी पिस्कॅटवे, तिथे रटगर्सचं स्टेडियम. २०१४ मध्ये रटगर्स आणि मेरीलँड ‘बिग टेन’ या कॉन्फरन्समध्ये गेले. बिग टेन म्हणजे मिशिगन, ओहायो स्टेट, विस्कॉन्सिन, शंभरपेक्षा जास्त वर्षांची मध्य-पश्चिमेतली मंडळी. रटगर्सची फुटबॉल टीम काही तोडीची नव्हती. मग का घेतलं? बिग टेनचं २००७ पासून स्वतःचं केबल चॅनेल होतं. कॉन्फरन्सच्या हद्दीतल्या राज्यात केबल कंपनी प्रत्येक घरामागे त्या चॅनेलला जास्त दर द्यायची, हद्दीबाहेर कमी. रटगर्स आत आलं की न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या बाजाराचं दार उघडलं. एडिसनमधल्या ज्या मराठी घरात कुणी कधी फुटबॉल लावला नाही, त्या घराच्या केबलच्या बिलातूनही दर महिन्याला थोडे पैसे तिकडे जायला लागले. नवा सदस्य निवडताना त्या काळी ‘किती घरं’ हा प्रश्न होता.

पुढे लोकांनी केबल सोडली, आणि प्रश्न बदलला. आता विचारतात, प्रत्यक्षात किती लोक बसून सामना बघतात? मोठ्या शहरात असणं पुरेसं राहिलं नाही. नाव असलं पाहिजे, देशभर बघणारे असले पाहिजेत. जुलै २०२१ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा यांनी एसईसी या दक्षिणेकडच्या कॉन्फरन्समध्ये जायचं ठरवलं, ते याच हिशोबाने. ३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजलिसच्या दोघांनी बिग टेनची वाट धरली, तेही यानेच.

त्यातून लॉस एंजलिसच्या या दोघांची जुनी, पश्चिमेकडची कॉन्फरन्स ‘पॅक-१२’ कोसळली. ही गोष्ट मला मनापासून लागते, म्हणून जरा थांबून सांगते.

वेळापत्रक बसवणाऱ्या माणसासाठी जुनी पॅक-१०, म्हणजे पॅक-१२ चं आधीचं रूप, ही फार सुंदर रचना होती. दहा विद्यापीठं, पाच जोड्या. लॉस एंजलिसचे यूएससी आणि यूसीएलए. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या दोन बाजूंचे स्टॅनफर्ड आणि कॅल. ॲरिझोनातली दोघं. ओरेगनची दोघं, युजीन आणि कॉर्व्हालिस, मध्ये तासाभराचा रस्ता. वॉशिंग्टन राज्यातली दोघं, एवढीच जोडी एकमेकांपासून लांब. बास्केटबॉलची टीम एकदा विमानाने उतरायची, गुरुवारी एकाशी खेळायची, शनिवारी त्याच्या जोडीदाराशी, आणि रविवारी घरी. एका प्रवासात दोन सामने, सोमवारचा तास कुणाचा बुडत नसे. याला आम्ही ‘ट्रॅव्हल पार्टनर’ म्हणतो. २०११ मध्ये कोलोराडो आणि यूटा आले, तेही जोडीनेच आले, म्हणून रचना टिकली. हजार मैल लांबीच्या किनाऱ्यावर मुलांना कॉलेज बुडवू न देता खेळवायची यापेक्षा चांगली पद्धत मी तरी पाहिली नाही.

ती मोडली कशी? बरीच कारणं आहेत. स्वतःचं चॅनेल २०१२ मध्ये काढलं, पण भागीदार न घेता, आणि डायरेक्टटीव्हीसारखी मोठी कंपनी ते दाखवायला कधी तयार झाली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये बिग-१२ कॉन्फरन्स टेक्सस आणि ओक्लाहोमाच्या जाण्याने खिळखिळी झाली होती, तेव्हा तिथून चांगली विद्यापीठं घेता आली असती. पॅक-१२ ने ‘आम्हाला विस्तार करायचा नाही’ असं जाहीर केलं. पुढच्या वर्षी उलट झालं: बिग-१२ ने आधी नवा टीव्ही करार पक्का केला, सदस्यामागे वर्षाला सरासरी ३ कोटी १७ लाख डॉलरचा, आणि पॅक-१२ वाले करार शोधत राहिले. जुलै २०२३ च्या शेवटी कोलोराडो निघालं. मग ४ ऑगस्टला, एका दिवसात, ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे, ॲरिझोनाचे दोघे आणि यूटा बिग-१२ कडे. महिन्याभराने स्टॅनफर्ड आणि कॅल एसीसीत. मागे राहिले ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट, छोट्या गावांतले. खेळात ते कमी नव्हते, पण टीव्हीच्या कागदावर त्यांचा आकडा लहान होता. जोड्या लक्षात आहेत ना? ओरेगन गेलं, ओरेगन स्टेट राहिलं.

आता सिॲटलहून नुअर्कचं हवाई अंतर सुमारे २४०० मैल, घड्याळात तीन तासांचा फरक. वॉशिंग्टन विद्यापीठाची आणि रटगर्सची टीम एका कॉन्फरन्समध्ये आहे. फुटबॉलला याचा फार त्रास नाही. कॉन्फरन्समधले नऊएक सामने, त्यातले निम्मे घरी, बहुतेक सगळे शनिवारी, आणि जायला खास विमान. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर हे खेळ आठवड्यात दोन-दोन सामने खेळतात आणि साध्या प्रवासी विमानाने जातात. म्हणून मी म्हणते, मंगळवारी विमानात कोण बसतं ते बघा.

कॉन्फरन्सच्या बाजूने निवड कशी होते, तेही आतून सांगते. आमची कॉन्फरन्स लहान, टीव्हीचे पैसे थोडे. त्यामुळे आमच्याकडे पाहणीला वजन होतं. तिघंचौघं दोन दिवस जायचो. अध्यक्षांबरोबर जेवण, नवीन इमारतीची फेरी, ताजा रंग दिलेली जिम. हे सगळीकडे सारखंच असतं, त्यावरून काही कळत नाही. मी माझी यादी वेगळी ठेवायचे. पाहुण्यांची बस कुठे थांबते आणि तिथून लॉकर रूमपर्यंत सामान घेऊन किती चालावं लागतं. किती खेळाडूंमागे एक अॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे दुखापती बघणारा माणूस, आहे. सॉफ्टबॉलच्या मैदानाचं पाणी पावसानंतर किती वेळाने निचरतं. हॉटेल किती, आणि पदवीदानाच्या आठवड्यात खोल्या मिळतात का. आणि शेवटी, सामान सांभाळणाऱ्या माणसाशी एकट्याने दहा मिनिटं बोलायचं. कोणत्या खेळाचे बूट दरवर्षी नवे येतात आणि कोणत्या खेळाला मागच्या वर्षीचे चालवून घ्यावे लागतात, हे त्याला पाठ असतं. ज्या विद्यापीठात मुलींच्या टीमला जुने बूट, तिथे कॉन्फरन्स बदलल्यावर पैसे आधी कुठून कापले जातील, हे वेगळं विचारावं लागत नाही.

अंतराची माझी एक रेघ होती: बसने एकेरी साडेचार तास. ती हवेतून आलेली नव्हती. इथल्या केंद्रीय नियमाप्रमाणे प्रवासी बसच्या ड्रायव्हरला आठ तासांच्या विश्रांतीनंतर जास्तीत जास्त दहा तास गाडी चालवता येते. एकेरी पाच तासांच्या पुढे गेलात की एका ड्रायव्हरवर त्याच दिवशी परत येता येत नाही. दुसरा ड्रायव्हर घ्या, नाहीतर पंचवीस जणांचा हॉटेलमध्ये मुक्काम. बर्फ आणि रहदारीसाठी अर्धा तास सोडला की साडेचार. नकाशावर चार तास वीस मिनिटं आणि पाच तास दहा मिनिटं सारखीच दिसतात. बजेटमध्ये ती दोन वेगळी जगं आहेत.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण तुमच्या कामाची आहे. दोन विद्यापीठांचे अर्ज आले होते. एक मोठ्या शहरातलं, आमच्या बहुतेक सदस्यांपासून सहा तासांवर. दुसरं छोट्या गावातलं, दोन तासांवर, साधं पण सगळे खेळ नीट चालवणारं. अध्यक्षांना शहर हवं होतं: तिथे विद्यार्थी मिळतील, देणगीदार मिळतील. त्यात गैर काही नव्हतं. टिपण माझं होतं, आणि मी प्रवासाचा आकडा सगळ्या खेळांची सरासरी काढून लिहिला. सरासरीत तो फार वाईट दिसला नाही. फुटबॉल तिकडे दोन वर्षांतून एकदा जाणार होता. व्हॉलीबॉल, बास्केटबॉल आणि सॉफ्टबॉल दरवर्षी. फुटबॉलने सरासरी खाली ओढली आणि मुलींचे बुडणारे तास त्याखाली दडले. शहरातलं विद्यापीठ आलं. चौथ्या वर्षी दंड भरून दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये निघून गेलं. तोवर छोट्या गावातल्या विद्यापीठाला दुसरीकडे जागा मिळाली होती.

त्या चार वर्षांतली एक सकाळ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. हॉटेलच्या नाश्त्याच्या हॉलमध्ये एक सेकंड इयरची मुलगी ऑर्गॅनिक केमिस्ट्रीचा पेपर देत होती. समोर विद्यापीठाच्या शैक्षणिक सल्लागार बाई घड्याळ लावून बसल्या होत्या. मागे वॅफलचं मशीन दर दोन मिनिटांनी बीप करत होतं आणि प्रत्येक बीपला ती मुलगी मान वर करत होती. रात्री पाच सेटचा सामना खेळून झोपायला एक वाजला होता. तिने तक्रार केली नाही. तक्रार करायची असते हेही तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तेव्हापासून मी सरासरी लिहिणं सोडलं. प्रत्येक खेळाचे बुडणारे दिवस वेगळ्या ओळीत लिहायला लागले.

मोठं करणं म्हणजे मजबूत करणं नव्हे, याचा जुना दाखला आहे. १९९६ मध्ये ‘वॅक’ ही पश्चिमेकडची कॉन्फरन्स दहावरून सोळा सदस्यांची झाली. हवाईपासून ओक्लाहोमातल्या टल्सापर्यंत. चार-चारचे गट पाडले, गट आलटून पालटून फिरवायचे ठरलं. जुन्या सदस्यांचे वर्षानुवर्षांचे शेजारचे सामने तुटले, प्रवास वाढला, आणि वाटा काही वाढला नाही. दोनच वर्षांत आठ विद्यापीठांनी बाहेर पडायचं ठरवलं आणि १९९९ मध्ये ‘माउंटन वेस्ट’ काढली. त्यातली कोलोराडो स्टेट आणि सॅन डिएगो स्टेट ही दोघं आता माउंटन वेस्ट सोडून, १ जुलै २०२६ ही तारीख धरून, पुन्हा उभ्या राहणाऱ्या पॅक-१२ कडे निघाली.

ही नवी पॅक-१२ निवडीचा चांगला धडा आहे, कारण इथे सगळे निकष उघड दिसतात. मागे राहिलेल्या ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट यांनी आधी बॉइझी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि नंतर यूटा स्टेट घेतलं: फुटबॉल बरा, पश्चिमेतलेच, एकमेकांना ओळखणारे. मग गोन्झागा, जिथे फुटबॉलच नाही. तिला घेतलं बास्केटबॉलसाठी. १९९९ पासून तिची पुरुषांची टीम राष्ट्रीय स्पर्धेत सातत्याने आहे, आणि त्या स्पर्धेतल्या प्रत्येक सामन्यामागे कॉन्फरन्सला सहा वर्षं हप्त्याने पैसे मिळत राहतात. पण सर्वोच्च पातळीच्या फुटबॉलसाठी कॉन्फरन्समध्ये निदान आठ फुटबॉल खेळणारी विद्यापीठं लागतात, आणि मोजली तर सात भरत होती. म्हणून २०२५ च्या जूनअखेर टेक्सस स्टेटला बोलावलं. कुणी ओळखीवर, कुणी बास्केटबॉलवर, कुणी संख्या भरायला. ‘आमची निवड झाली’ असं कोच म्हणतो, तेव्हा यातल्या कशावर झाली हे विचारायला हरकत नाही.

शैक्षणिक दर्जाचं काय, असंही तुम्हाला वाटत असेल. बिग टेनमध्ये अध्यक्ष संशोधनातल्या नावाकडे बघतात, हे खरं. पण तो उंबरठा असतो. तो ओलांडल्यावर पुन्हा आकडाच बघितला जातो.

करार मोडून जाणं सोपं नाही, म्हणून हेही माहीत असू द्या. ‘ग्रँट ऑफ राइट्स’ नावाचा कागद असतो: सदस्य आपल्या घरच्या सामन्यांचे टीव्ही हक्क ठरावीक वर्षांसाठी कॉन्फरन्सच्या नावे करतो. सोडून गेलात तरी हक्क मागेच राहतात. एसीसीचा असा कागद २०३६ पर्यंतचा होता. फ्लॉरिडा स्टेट आणि क्लेमसन त्यावरून कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली: प्रेक्षकसंख्येप्रमाणे वाटप, आणि बाहेर पडायचा दंड वर्षागणिक कमी होत जाणार. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच की मुलगी पहिल्या वर्षात ज्या कॉन्फरन्समध्ये असेल, चौथ्या वर्षी त्यातच असेल याची खात्री आज कुणी देऊ शकत नाही. कोचही नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: मत अध्यक्षांचं, हिशोब वाट्याचा, वाटा मुख्यतः फुटबॉलचा, आणि प्रवास सगळ्यांचा.

आता तुमच्या मुलीपुरतं. इथे बरंच परिस्थितीवर आहे, आणि मी कोणत्याच बाजूने ठाम बोलणार नाही. व्हॉलीबॉल हा असा खेळ आहे की ‘वर’ जाणं खरंच वर जाणं असू शकतं. ३० ऑगस्ट २०२३ ला नेब्रास्काच्या फुटबॉल स्टेडियममध्ये महिला व्हॉलीबॉलला ९२,००३ लोक आले होते. बिग टेनमध्ये या खेळाला मान आहे, पैसा आहे, टीव्ही आहे. मुलीला त्या पातळीवर खेळायचं असेल, तिची झोप आणि अभ्यास सांभाळायची ताकद असेल, तर लांबचा प्रवास परवडेल. पण ती इंजिनिअरिंग किंवा प्रीमेड, म्हणजे डॉक्टरकीच्या आधीचा अभ्यास, करणार असेल, तर दुपारच्या लॅब किती बुडतील हा प्रश्न कॉन्फरन्सच्या नावापेक्षा मोठा आहे. आणि सेटरचं तर वेगळंच: टीममध्ये सेटर एक किंवा दोनच खेळतात. वरच्या कॉन्फरन्समध्ये गेल्यावर कोच दुसऱ्या विद्यापीठातून तयार सेटर आणणार असेल, तर तुमची लेक तिसरं वर्ष बाकावर काढेल. हे कोचला स्पष्ट विचारा. चांगला कोच रागावत नाही.

दुसरं, सगळे खेळ एकाच कॉन्फरन्समध्ये जातातच असं नाही. यूएससी, यूसीएलए, स्टॅनफर्ड, कॅल यांचे पुरुषांचे वॉटर पोलोचे संघ अजून पश्चिमेच्याच वेगळ्या फेडरेशनमध्ये एकमेकांशी खेळतात. नोट्र डेम फुटबॉल स्वतंत्र खेळतं आणि २०१३ पासून बाकीचे बहुतेक खेळ एसीसीत. माझं स्पष्ट मत असं की फुटबॉलला त्याच्या टीव्हीबरोबर हवं तिकडे जाऊ द्यावं आणि बाकीच्या खेळांना जवळपासच्या शेजाऱ्यांशी खेळू द्यावं. हे आम्ही कित्येक जण वर्षानुवर्षं बोलतोय. नव्या कॉन्फरन्सने तुमच्या मुलीच्या खेळासाठी विभाग पाडलेत का, जवळच्यांशी जास्त आणि लांबच्यांशी कमी सामने ठेवलेत का, हे विचारा. पाडले असतील तर समजा की त्या बैठकीत कुणीतरी व्हॉलीबॉलचं नाव काढलं होतं.

तिसरं, पैशाचा ताण. खेळाडूंच्या खटल्यात जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर मोठी विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, २०२५-२६ साठी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरच्या मर्यादेत. ते चांगलंच आहे, मुलांच्या कष्टाचे पैसे त्यांना मिळायला हवेत. पण तेवढे पैसे उभे करताना काही ठिकाणी लहान खेळांचं बजेट आवळलं जाणार. म्हणून स्कॉलरशिपची अट कागदावर घ्या: किती वर्षांची, दुखापत झाली तर काय, कोच बदलला तर काय.

आणि भेटीला जाल तेव्हा कोचच्या ऑफिसात जास्त वेळ घालवू नका. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या खेळाडूला कँटीनमध्ये गाठा आणि एवढंच विचारा, ‘मागच्या ऑक्टोबरमध्ये तुझे किती तास बुडाले?’ तिला आकडा लगेच आठवला तर तो ऐका.

दोन्ही विद्यापीठांची मागच्या हंगामाची व्हॉलीबॉलची वेळापत्रकं त्यांच्या संकेतस्थळावर सापडतील. एका कागदावर चार रकाने करा: वार, ठिकाण, जायला विमान की बस, परत किती वाजता. नव्या कॉन्फरन्सचं वेळापत्रक अजून आलं नसेल, तर तिथल्या सदस्यांची नावं घेऊन अंदाजे बसवा. अडलात तर दोन्ही कागद मला पाठवा, मी बसवून देईन. हे काम मी अजूनही हौसेने करते.